पाचव्याला काय सांगायचं

शुक्रवारचा उपास धरलेल्या मालनबाई नाशिकच्या स्टँडवर वणीच्या बससाठी रांगेत जप करीत होत्या. पुढे तृप्ती आणि दिनेश, दोघंही कॉम्प्युटर इंजिनिअर. लग्नाचं काय ते बोलून ठरवा, असं सांगून घरची मंडळी मुद्दाम रसवंतीत जाऊन बसली होती.

"प्रोसेसरचं काम मोजायला काउंटर चारच. पाचव्या प्रोग्रामने मागितला तर काय करता तुम्ही?" तृप्तीने विचारलं.

"नाही म्हणतो."

"बिचारा."

"आणि तुम्ही?"

"मी कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, पाचांच्या पाळ्या लावते. चिप कुठलीही असो, मागायची खिडकी एकच."

"म्हणजे थोडा वेळ मोजणार, बाकी अंदाज."

"हो. पण खरं किती वेळ मोजलं तेही सांगणार. लपवायचं कशाला?"

"अहो, हे भारी आहे. माझं दोन वर्षांचं काम गेलं की पाण्यात."

"रडताय की काय?"

"हसतोय. तो नकाराचा कोड उद्याच पुसतो."

मालनबाईंची माळ केव्हाच थांबली होती.

"पण तृप्ती, घरी काय सांगायचं?"

"तुमचं काय?"

"मला पसंत आहे. खिडकीसकट."

"मग माझाही होकार सांगा."

"कारण विचारलं तर?"

"सांगा, मुलगा ऐकून घेतो."