तितर तुमचाच, घेऊन जा!

...आणि मी म्हणतो, डोंगराळ देशात निघालेल्या माणसाला तो देश डोंगराळ आहे हे पुस्तकात कशाला वाचावं लागतं? खिंडीत गाडी घरघरायला लागली की कळतंच की! तुम्हाला सांगतो मंडळी, यातला शब्दन् शब्द खरा, माझ्या आईच्या कबरीची शपथ! म्हणजे आई जिवंत आहे, पलीकडच्या खोलीत ताक घुसळतेय, पण शपथ खरी.

तर हा व्होइतेक, चेक देशाचा. काबूलला माझ्या गाडीत बसला तो थेट बामियानपर्यंत, मांडीवर ते जाडजूड पुस्तक, प्रवाशांना आवश्यक माहिती! चौकीवर बंदूकवाला खिडकीत डोकावला की हा आधी पान उलटणार, मग छातीवर हात ठेवून सलाम करणार. मी म्हणतो, "अरे बाबा, आधी कागद दाखव!" तर म्हणतो, "नाही काका, आधी सलाम. पुस्तकात लिहिलंय." आणि सातही चौक्यांवर तोच बरोबर ठरला, मेला! लाल रंगवलेल्या दगडांपलीकडे लघवीला जाऊ नये, तिथे सुरुंग असतात, हेही लिहिलेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते छानच लिहिलंय.

तक्रार पुढेच आहे. मुक्कामाला घरी आणला. रोटी झाली, सुकवलेल्या दह्याचं कुरूत झालं, चहा झाला. यानं पान उलटलं. यजमानाच्या एखाद्या वस्तूची तारीफ करावी! नजर फिरली... गालिचा, शेगडी, रजया... आणि थांबली कुठे? पिंजऱ्यावर. पिंजऱ्यात कोण? शेरदिल! माझा लढाऊ तितर! बदामांवर पोसलेला! शुक्रवारी हाजी नबीच्या तितराशी त्याची झुंज, सगळी गल्ली डोळे लावून बसलेली!

"वा काका! काय सुंदर पक्षी!"

आणि माझं तोंड, मला न विचारता, "तुमचाच! घेऊन जा!"

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय म्हणायचं? "छे छे!" मी म्हणायचं, "माझी शपथ!" त्यानं म्हणायचं, "नको नको!" असं तीनदा झालं की पुन्हा चहा. आमच्या आजोबांनी आपला घोडा चाळीस वेळा देऊन टाकला आणि त्याच घोड्यावर म्हातारे झाले! पण हा? हा उठला, ओळीवर बोट ठेवलं, "भेट नाकारली तर यजमानाचा अपमान होतो. काका, तुमचा अपमान माझ्या हातून कधी होणार नाही. पुस्तकात लिहिलंय!" आणि उचलला की पिंजरा!

पडद्याआडून आमची जमरुद, "जाफरचे अब्बा, तुमची जीभ आहे की फाटकाची कडी? कुणीही हात लावला की उघडते! आता तुम्ही वाखाणा त्याचं काहीतरी!" मी लागलो. "वा, काय घड्याळ!" तो म्हणतो, "धन्यवाद." "वा, काय बूट!" "धन्यवाद, काका." मोज्यांपर्यंत उतरलो हो मी! "धन्यवाद." घ्यायचं कसं ते पानभर लिहिलेलं, द्यायचं कसं याची एक ओळ नाही!

सकाळी तो निघाला. तेव्हा मी गंभीरपणे म्हटलं, "भेटीचा पक्षी पहिल्या सकाळी देणाऱ्याच्या अंगणात परत ठेवायचा, असा आमचा जुना रिवाज." "पण पुस्तकात नाही!" "पुस्तकवाला उन्हाळ्यात आला असेल. हा हिवाळी रिवाज." त्यानं मला मिठी मारली, पिंजरा ठेवला. शेरदिल घरी!

...बरं, हे शेवटचं मी रचलं. रिवाज सुचला तो दुसऱ्याच्या गाडीत बसून तो निघून गेल्यावर. खरं म्हणजे मी पिंजऱ्यापाशी बसून शेरदिलला निरोपाचे बदाम चारत होतो, आणि काय झालं कोण जाणे, आधी नाक गळायला लागलं, मग डोळे. व्होइतेकनं पाहिलं. पुस्तक मिटलं. पिंजरा गुपचूप माझ्या मांडीवर ठेवला, मग पुस्तक पुन्हा उघडून समासात काहीतरी खरडलं.

ते खरडलेलं पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पार छापून आलंय म्हणे! आता येणारा प्रत्येक पाहुणा काही वाखाणतो, मी "तुमचंच" म्हणतो, आणि तो माझ्या डोळ्यांकडे टक लावून बसतो. परवा एकानं जमरुदची फुटकी किटली वाखाणली. द्यायचीच होती हो ती आम्हाला! पण बिचारा चहा थंड करून वाट बघत राहिला... शेवटी रडलो, किटली घरातच राहिली. काय करणार? पुस्तकात लिहिलंय!