प्रॉल यांच्या स्टुडिओतून मी नेलेले रीळ

पोलीस ठाणे, किंग्स्टन, जमैका. मंगळवार, १२ सप्टेंबर १९७८, सकाळी १० वाजता.

नाव श्रीमती आयोनी फेसी, वय ५४ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार टँक गल्ली, चर्चच्या मागे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. चर्चमुळे सगळे मला सिस्टर म्हणतात. माझी मुलगी व्हेरोना, वय २५, गायिका, लंडनला असते. नवव्या वर्षापासून ती आमच्या चर्चमध्ये गात होती. १९७० साली, सतराव्या वर्षी, मला न सांगता ती हर्बर्ट प्रॉल यांच्या स्टुडिओत जाऊन रेगे, म्हणजे इथले नाचाचे गाणे, गायली. मी तिच्याशी अकरा दिवस बोलले नाही. बाराव्या दिवशी तेच गाणे समोरच्या न्हाव्याकडे लागले. मी इस्त्री बाजूला ठेवली. त्याबद्दल आणखी काही सांगायचे नाही.

तबकडी निघाली तिच्यावर प्रॉल यांचे नाव होते, व्हेरोनाचे नव्हते. वेष्टनावर दुसऱ्याच मुलीचा फोटो. मी विचारले तर म्हणाले, "सिस्टर, तुमची पोरगी गाते छान, पण फोटोत हसत नाही." चार गाण्यांचे असेच झाले. १९७४ साली ती लंडनला गेली. तिथे स्वतःच्या नावाने पॉप गायली, रेगेही गायली. तिथल्या वर्तमानपत्राने तिला नवखी म्हटले. आता तिथली कंपनी तिची जुनी गाणी तिच्या नावाने काढायला तयार आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाचे रीळ मागते. प्रॉल यांनी तिला कळवले की रीळ हरवले.

दर शुक्रवारी दुपारी मी स्टुडिओतल्या वादकांना तळलेला मासा आणि कसाव्याची भाकरी नेते. ते आमच्याच चर्चचे आहेत. ८ तारखेला साडेबारा वाजता गेले तेव्हा ड्रम वाजवणारे ब्रदर सेल्विन म्हणाले, "सिस्टर, आज तुमच्या व्हेरोनाच्या गाण्यावर नवी पोरगी बसवतायत."

आमच्याकडे एकदा वाजवलेली साथ चार-पाच गायकांना पुरवतात. त्यात कोणी वावगे मानत नाही, मीही नाही. पण प्रॉल यांना नवीन रीळ घालायचे नव्हते. व्हेरोनाचा आवाज पुसून त्याच जागी नवा भरायचा होता.

मी विचारले, "पुसलेला परत आणता येतो का?"

सेल्विन म्हणाले, "मग पुसला कसला, सिस्टर?"

प्रॉल म्हणाले, "माझं रीळ, माझं मशीन. आवाजाचं काय एवढं? तो पोरीच्या गळ्यात आहेच की."

मी म्हणाले, "सतरा वर्षांचा नाहीये."

ते हसले आणि मासा मागितला. मी वाढला.

सर्व जण जेवत असताना रीळ मी घेतले. रिळाच्या डब्यावर फक्त साथीचे नाव लिहितात, गायकाचे नाही. त्यातले आमचे कोणते हे कोणी दाखवले, या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. माशाचे रिकामे पातेले आतून कोरडे पुसले, रीळ आत ठेवले, वर फडके घातले आणि पातेले डोक्यावर घेऊन पुढच्याच दाराने बाहेर पडले. तिथे रखवालदार बर्टी यांनी विचारले, "सिस्टर, मासा उरला का?" मी नाही म्हणाले. ते खरे होते.

त्याच रिळावर गायक लॉइड टॉमलिन्सन यांची दोन गाणी आहेत, हे मला आज इथे कळले. ती माझी चूक. लॉइड यांना सांगावे की त्यांचा आवाजही सुखरूप आहे. त्यांचेही नाव तबकडीवर नाही.

रीळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही. खोटे बोलणे मला मना आहे, गप्प बसणे नाही. घराची झडती घ्यावी, पाय पुसून यावे. चर्चमध्ये ते नाही, पाद्रीबाबांना त्रास देऊ नये. डब्यावर व्हेरोना फेसी असे नाव घालून लंडनला पाठवतो, हे प्रॉल यांनी इथे येऊन लिहून द्यावे. मग मी बोलेन.

सार्जंट मॉरिसन म्हणाले, "सिस्टर, माझी आईसुद्धा तुमच्याच चर्चला येते. भांड्यांच्या गडबडीत चुकून आलं, असं लिहितो. घरी जा." मी नको म्हणाले. त्यांनी तरी वर "रीळ मी घेतले" याच्या आधी "चुकून" असे लिहिले.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी उभ्याने ऐकला. "चुकून" हा शब्द माझ्या हाताने खोडून शेजारी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

आयोनी फेसी