शुक्रवारचा चौकोन

नीला: कॉम्प्युटरवर तुझ्या फोटोतला हा चौकोन बघ, ताई. हनुवटीखाली, कानाकडून दोन बोटं आत. आठ ठिपके आडवे, आठ उभे. सगळे जवळजवळ एकाच रंगाचे, गव्हाळ.

सुमती: इथे तर ह्यांचा अंगठा उमटला होता.

नीला: हो.

सुमती: काळानिळा. नखाची कडसुद्धा दिसते, असं तूच म्हणाली होतीस.

नीला: छापील फोटोत दिसत होती. सगळे फोटो वकीलबाईंसाठी एका फ्लॉपीत बसवायचे होते, म्हणून मी ते दाबून फारच लहान केले. मोठ्या फाईली पुसून टाकल्या. तुझ्याकडे छापील फोटो आहेत, या भरवशावर.

सुमती: तांदळाच्या डब्यात ठेवले होते. काल ह्यांना सापडले. फाडून माझ्या तोंडात कोंबले. "गीळ" म्हणाले. मग निगेटिव्ह स्टोव्हवर धरल्या. त्या संपल्यावर माझा हात.

नीला: पदर बाजूला कर. बघू दे. ...ताई! डॉक्टरकडे का नाही गेलीस?

सुमती: टूथपेस्ट लावलीय. ओरडू नकोस. ठिपक्यांचं सांग. तो अंगठा परत येईल का?

नीला: नाही. कॉम्प्युटर चित्राचे असे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोन वेगळा घेतो. त्यातला सर्वसाधारण रंग ठेवतो आणि बारीक फरक टाकून देतो. फाईल जितकी लहान हवी, तितकं जास्त टाकतो. एकदा टाकलं की गेलं.

सुमती: टाकताना शेजारच्या चौकोनात काय आहे ते बघत नाही?

नीला: नाही. म्हणून तर मध्ये या अशा शिवणी दिसतात.

सुमती: मग माझ्यासारखंच आहे तुझं मशीन.

नीला: म्हणजे?

सुमती: ह्यांनी दारात माझं बोट चेमटलं, तेव्हा म्हटलं, शाळेत तपासणी आहे, डोकं तापलं असेल. कपाळावर कप फोडला, तेव्हा सासूबाई आजारी होत्या. गळा धरला, तेव्हा मीच उलट बोलले होते. प्रत्येक वेळ वेगळी. एकूणात माणूस चांगला. मुलांना गणित शिकवतो, जिलेबी आणतो.

नीला: जिलेबी कधी आणतात?

सुमती: शुक्रवारी.

नीला: आणि मारतात कधी?

सुमती: मारायला वार लागतो होय गं?

नीला: आठव ना. बोट चेमटलं तेव्हा?

सुमती: अंगारकी होती. मंगळवार.

नीला: कप?

सुमती: सोमवार. साबुदाणा भिजत घातला होता, त्यात रक्त पडलं. गळा धरला तो रविवारी. काल गुरुवार.

नीला: शुक्रवारी कधी?

सुमती: शुक्रवारी... नाही. कधीच नाही. थांब. शुक्रवारी लूम बंद असतात.

नीला: तुमच्या भिंतीपलीकडचे यंत्रमाग?

सुमती: अख्ख्या नारपोलीतले. एरवी त्यांच्या खडखडाटात मी बोंबलले तरी माझं मलाच ऐकू येत नाही. शुक्रवारी चमचा पडला तरी गल्लीला कळतं. नीलू, काल मधेच लाईट गेली होती.

नीला: मग?

सुमती: लूम थांबले. ह्यांनी माझा हात सोडला. माठातलं पाणी प्यायले. मला वाटलं, दया आली. लाईट आली, लूम सुरू झाले आणि हात परत धरला.

नीला: म्हणजे डोकं फिरत नाही त्यांचं.

सुमती: कान देऊन असतात. आधी ऐकतात, मग उठतात.

नीला: वकीलबाई दोन दिवाळ्या एकच विचारतायत. फोटो नसले तरी चालेल, पण तू घर सोडणार का?

सुमती: तुला काय जातंय विचारायला!

(बाहेरून नीलाच्या क्लासच्या बंद शटरवर हळू टकटक होते.)

चिंतामणी: सुमती, झालं का बहिणीशी बोलून? चल, आई जेवायची थांबलीय.

नीला: ताई आत्ता येणार नाही, भावोजी. तिच्या हाताचं काय केलंत तुम्ही?

चिंतामणी: भाजला गं स्टोव्हवर. धांदरटच आहे ती, तुला माहीत नाही का? तू क्लास चालवतेस, शिकलेली आहेस. नवराबायकोत पडू नये. उघड बरं शटर.

नीला: नाही उघडणार.

चिंतामणी: सुमे. मुकाट्यानं बाहेर ये. नाहीतर दुसरा हातही जाळीन. आणि हिचाही.

सुमती: खाली वाकून फटीतून काय बोलताय? मोठ्यानं बोला.

चिंतामणी: समोर ओट्यावर मंदाबाई बसल्यात. तमाशा करू नकोस. घरी चल, उद्या शांतपणे बोलू.

सुमती: उद्या शनिवार.

चिंतामणी: मग?

सुमती: उद्या लूम चालू होतील.

चिंतामणी: कसले लूम? काय बोलतेयस?

सुमती: मंदाबाई! अहो मंदाबाई! माझा आवाज येतोय का तुमच्यापर्यंत?

चिंतामणी: हळू. हळू बोल, सुमती. हात जोडतो. सगळी गल्ली ऐकतेय.

सुमती: मी आता घरी येणार नाही.