पहिल्याच दिवशी दिसलेलं बटण

तुम्हाला थाप वाटेल, पण नव्वदच्या दशकात बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मला एक बटण तीन महिने सापडत नव्हतं.

आमची कंपनी वाचनालयांसाठी प्रोग्राम बनवत होती. मी स्टोअर्समध्ये होतो. प्रोग्राम तपासायला सुमती होती, तत्त्वज्ञानात एम.ए. करून आलेली. प्रोग्रामर म्हणाले, "लोकांना हे कळेलच," की ती विचारायची, "कुणाला कळताना पाहिलंत? अनुभवाआधी ज्ञान नसतं. माणूस बसवा, बघा, मग बोला."

तिने बसवलेला माणूस मी. पडद्यावर डावीकडे 'पुस्तक शोधा' असं ठळक बटण होतं. ते सोडून मी सगळीकडे जायचो, कारण ते सापडलं की माझी चाचणी संपणार होती. रोज चहानंतर ती उजवीकडे वही घेऊन बसायची.

"स्वल्प डावीकडे बघ की रे!" ती कानडी ढंगात म्हणायची.

मी उजवीकडेच बघायचो.

मग तिला सिंगापूरची नोकरी लागली. शेवटच्या संध्याकाळी कंपनीच्या बसपाशी मी कबुली दिली, "सुमती, ते बटण मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"ठाऊक आहे. तुझी एकही नोंद मी धरली नाही."

"मग रोज कशाला बसवायचीस?"

ती पायरीवर थांबली. "तीन महिने पुरावा शेजारी बसला होता, आणि तू मलाच विचारतोयस?"

बस सुटली. मी तिथेच उभा राहून विचार करत होतो. मला उलगडा झाला, तोवर ती वाटेवरच्या बोम्मनहळ्ळीच्याही पुढे गेली असेल.