आचारी नसलेलं जहाज

होर्टन बंदरात फेरीबोटीच्या रांगेत सिग्नेच्या पुढेच एका म्हाताऱ्या खलाशाची आणि त्याच्या लेकीची जुंपली होती.

"बिनमाणसांचं मालवाहू जहाज म्हणे! अगं, तुझा आजोबा समुद्रात पडला, तेव्हा त्याला वर ओढलं ते जहाजावरच्या आचाऱ्यानं. तुझ्या जहाजावर आचारी आहे का?"

"नाही बाबा. पण मी किनाऱ्यावरून कॅमेऱ्यात बघत असेन."

"म्हणजे बुडणाऱ्याचा फोटो काढशील!"

"म्हणूनच माणूस उचलणारी जाळी लावायला सांगितलीय. ती चालल्याशिवाय मी जहाज समुद्रात सोडणार नाही."

"साहेबांनी ऐकलं नाही तर?"

"चाचणीच्या दिवशी त्यांच्यादेखत मीच पाण्यात उडी मारेन. म्हणेन, काढा आता मला वर."

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही, आणि सिग्नेही.

"कधी आहे चाचणी?"

"सोमवारी."

"बरं. मी होडी घेऊन जवळच थांबतो."