उरलेला पार्ट

दिग्रसला जाणाऱ्या एस.टी.त निवृत्त विज्ञानशिक्षक रामरावांच्या पुढच्याच सीटवर गॅरेजवाला कलीम आणि त्याची लेक उमेरा बसले होते. आठवीच्या विज्ञानात नापास झालेल्या उमेराची आज फेरपरीक्षा होती.

"पुस्तक मले दे."

"अब्बा, एकदा वाचू द्या ना. आज गेलं तं पुन्हा आठवीतच बसावं लागन."

"मागच्या पेपरले किती वेळा वाचलं होतं?"

"सरांनी दहा वेळा सांगितलं. मी वीस वेळा वाचलं."

रामरावांनीही छत्तीस वर्षं प्रत्येक धडा दहा वेळाच सांगितला होता. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"इंजिन मी नुसतं पाहून शिकलो का? खोललं, पार्ट रिकाम्या बोरीवर मांडले, अन् आपल्या हातानं बसवलं. एक जरी पार्ट उरला तं समजायचं, चुकलं. चाल, बसव आता हृदय."

"रक्त उजव्या बाजूले येते, फुप्फुसात जाऊन साफ होते, मंग डाव्या बाजूतून साऱ्या अंगात जाते."

"उलटं काहून नाही फिरत?"

उमेरानं पुस्तकाकडे हात नेला; कलीमनं ते मागे घेतलं.

"पंपात वॉल नसन तं पाणी वापस येते का नाही?"

"झडपा! अब्बा, झडपा राह्यल्या!"

"म्हंजे पार्ट उरला होता. पुन्हा बसव, पह्यलेपासून."

तिनं पुन्हा सगळं सांगितलं. कलीम मागे वळला.

"साहेब, मले वाचता येत नाही. पाहा बरं, बराबर हाय का?"

"बरोबर आहे."

"काही उरलं?"

"काहीच नाही."

"मंग पुस्तक तुमच्यापाशीच ठेवा. दिग्रस येईपर्यंत मांगितलं तरी हिले देऊ नका."

रामरावांनी पुस्तक घेतलं आणि मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरलं.