नारिंगी छताखालचा लूम

चांगदेव : आन ही भिंत अशी का?

भाविक : जांभळी आहे, बाबा.

चांगदेव : ते दिसतंय. का, ते इचारतोय.

निशा : मी पिवळा म्हणाले, भाविक जांभळा म्हणाला. भांडण मिटेना, म्हणून दोन्ही आणले. पोपटी शेजाऱ्यांकडचा उरलेला.

चांगदेव : छत नारिंगी कुणी सांगितलं?

निशा : ते पेंटरनं स्वतःच्या मनानं केलं. म्हणाला, एवढं झालंच आहे तर.

चांगदेव : बरं हाय. एका खोलीत चार गावं फिरून झाली.

निशा : नवीन घरात पहिल्यांदा आलात बाबा, बसा तरी. चहा टाकते.

चांगदेव : बसाय न्हाय आलो, सूनबाई. टेम्पोवाला खाली नाक्यावर मागच्यांचे हॉर्न खात उभा हाय. भाविक, माझा लूम कुठं ठेवलास?

भाविक : कुठला लूम?

चांगदेव : कुठला म्हंजे? कापड विणायचा. माझ्या नारपोलीच्या शेडात एकच तर उरला व्हता. मी तुझ्या आत्याकडं गेलो तवा तूच उचललास.

भाविक : तुम्हीच म्हणालात, भंगारात घाल, मला दिसता कामा नये.

चांगदेव : म्हणालो. रागात व्हतो. घातलास?

भाविक : नाही. भंगारात द्यायला मन होईना माझं.

चांगदेव : मग झालं तर. रस्ताभर जीव नुस्ता खालीवर. ऐक, गणेशपुरीच्या दुकानदाराचा फोन आला. गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला येतात ना लोक, त्यांना जाड पंचे पायजेत. म्हणाला, नव्या मशीनचे पातळ निघतात, चांगदेवशेठ, तुमच्या लूमचेच द्या. नाव घेऊन म्हणाला. शेड बंद झाल्यापास्नं मला कुणी लाइट बिलाशिवाय फोन केला न्हवता.

निशा : भाविक, सांग.

भाविक : तू सांग.

निशा : डिझाइन तुझं.

चांगदेव : काय झालंय? थांब, बसूनच ऐकतो. सोफा दणकट हाय रं.

भाविक : बाबा, तुम्ही त्याच्यावरच बसलाय.

चांगदेव : कशावर?

भाविक : लूमवर. ह्या दोन्ही बाजू लूमच्या आहेत. गुलाबी दिला म्हणून ओळखू येत नाहीत.

चांगदेव : ...आन धागे ओवायची फणी?

निशा : तिच्यावर माझे कानातले लावलेत. एकदम छान बसतात, बाबा. म्हणजे... बसायचे.

चांगदेव : मोटर?

भाविक : बाल्कनीत कारंजं केलं होतं. पहिल्याच दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या जानकीबाईंचा अख्खा हॉल धुवून निघाला. मोटर चांगली आहे, आम्हीच बंद ठेवलीय.

चांगदेव : म्हंजे समदं घरातच हाय. नट काढायचे, परत जोडायचा. गुलाबी तर गुलाबी, पंच्याला कुठं रंग लागतोय. पाना आण.

भाविक : बाबा...

चांगदेव : ह्या बाजू एवढ्या बुटक्या कशा? वरचा भाग कुठं हाय?

भाविक : सोफ्याला उंच होत होत्या. कापून घेतल्या.

चांगदेव : कापल्या.

भाविक : वेल्डिंगवाल्याला बोलावतो ना. आजच.

चांगदेव : बीड हाय ते, भाविक, ओतीव लोखंड. कापलेलं जोड धरत न्हाय. जरा लोड आला का तडकतं.

भाविक : मला माहीत नव्हतं.

चांगदेव : तुला कसं म्हाईत असणार? मीच तुला शेडात पाऊल ठेवू दिलं न्हाय. वाटायचं, शिकलास तर तिथंच राहशील.

भाविक : मला वाटलं, भंगारात जाण्यापेक्षा घरात राहील. तुम्ही याल तेव्हा बघून बरं वाटेल.

चांगदेव : भंगारवाल्यानं अख्खा नेला असता रं. कुणाच्या तरी शेडात उभा राहिला असता.

निशा : दुकानदाराला काय सांगायचं?

चांगदेव : लूम बिघडला असं सांगवत न्हाय. चांगला नटलाय की.

भाविक : टेम्पो परत पाठवू, बाबा?

चांगदेव : पाठव. त्याला चहा दे आधी.

निशा : आणि तुम्ही? तुम्ही थांबा ना आज.

चांगदेव : थांबतो थोडा. एवढी वर्सं ह्याच्यापुढं उभाच व्हतो. बसू दे जरा.